बाई, मी बघितलंय!



आज सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. गेल्या वर्षी मी माझ्या वर्गातल्या एका मुलीचा एक मार्क कापला. बेरजेत चूक झाली म्हणून नव्हे. चांगला विचार करून, लाल पेनानं ठसठशीत फुली मारून कापला. आणि नंतर कळलं की उत्तर तिचं बरोबर होतं, चूक माझी होती. मार्क तर मी परत दिला. पण हे घडलं कसं, ते तुम्हांला सांगायलाच हवं. कारण त्या एका मार्कामागे ज्वालामुखीचा खडक, ब्राझीलमधले कॉफीचे मळे आणि अलिबागची एक इमारत असं बरंच काही दडलेलं निघालं!

माझी शाळा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात आहे. आमच्याकडं सगळं लाल. रस्ता लाल, पावसाळ्यात पऱ्ह्याचं पाणी लाल, शाळेच्या भिंतीचे चिरे लाल आणि मुलांचे पांढरे मोजे दुपारच्या सुट्टीपर्यंत लाल. गावाबाहेर जांभ्या दगडाची चिरेखाण आहे. दिवाळी झाली की तिथं घाटावरून कामगारांची कुटुंबं येतात आणि पाऊस तोंडावर आला की गावी परत जातात. त्यांची मुलं तेवढे महिने आमच्या शाळेत बसतात. पाचवीच्या वर्गात अशीच एक मुलगी आली होती, सोलापूरकडची. बोलायची कमी. बाकीची मुलं तिला 'घाटावरची' म्हणायची. ती काही म्हणायची नाही, खिडकीजवळच्या बाकावर बसून राहायची.

माती हा पाठ शिकवून झाल्यावर मी वीस मार्कांची चाचणी घेतली. त्यात एक प्रश्न माझ्या डोक्यातून काढलेला होता: 'लाल माती आणि काळी माती यांपैकी कोणत्या मातीतून लोहचुंबक जास्त कण ओढून घेईल? कारण लिहा.' मला हवं असलेलं उत्तर सोपं होतं. लाल मातीचा रंग लोहामुळे येतो, लोह चुंबकाला चिकटतं, म्हणून लाल माती. वर्गातल्या सगळ्यांनी तेच लिहिलं. एकटीनं लिहिलं, 'काळी माती. कारण मी बघितलंय.'

मी फुली मारली आणि शेजारी लिहिलं, 'हे कारण नव्हे.'

आता सांगा, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? घाईनं उत्तर देऊ नका. आधी पुढं वाचा.

पेपर वाटले त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मात्र माझ्या टेबलाशी आली आणि रुमालात गुंडाळलेली एक वस्तू पुढं ठेवली. आत काळं, गोल, मधे भोक असलेलं लोहचुंबक होतं. घरच्या बंद पडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधलं.

"बाई, आमच्या रानात हे फिरवलं की ह्याला मिशा येत्यात. इथं न्हाई येत."

"मिशा?"

"व्हय. काळ्या मिशा. बघा की फिरवून."

आम्ही दोघी पटांगणात गेलो. मी चुंबक लाल मातीतून फिरवलं, चांगलं दहा-बारा वेळा. वर काढलं तर चार-दोन काळे ठिपके आणि थोडी लाल धूळ. मिशा सोडाच, धड दाढीचा खुंटही नव्हता! मी गप्पच झाले. डी.एड.ला असताना 'विद्यार्थ्याला प्रयोगातून शिकू द्या' यावर मी पानंच्या पानं लिहिली होती. आणि हा प्रश्न काढण्याआधी दारातल्या मातीतून एकदा चुंबक फिरवून बघायचं मलाच सुचलं नव्हतं. मी एका साध्या समजुतीवर विसंबले होते: लाल म्हणजे लोह, लोह म्हणजे चुंबक.

पण लाल मातीत मिशा येत नाहीत, एवढ्यानं काळ्या मातीत येतात हे काही सिद्ध होत नाही. त्यासाठी काळी माती हवी. ती कोकणात कुठून आणायची? तोही प्रश्न तिनंच सोडवला. पंधरा दिवसांनी तिचे मामा गावाहून येणार होते. ते एका पिशवीत शेतातली काळी माती घेऊन आले. दोन मुठी सांगितल्या होत्या, त्यांनी चांगली दोन किलो आणली. "शाळंला लागतीय म्हणाली, मग कमी कशाला?" म्हणाले.

वर्गात प्रयोग ठरला. दोन्ही माती उन्हात वाळवल्या, ढेकळं फोडली, चहाच्या गाळणीतून चाळल्या. प्रत्येकी दहा चमचे माती वेगवेगळ्या कागदांवर पसरली. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलं, म्हणजे चिकटलेले कण नंतर सहज सोडवता येतात. मी सुरुवात करणार, एवढ्यात पहिल्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, धूळ तर कशालाही चिकटते. चुंबकामुळेच चिकटली हे कशावरून?"

शाबास! हाच तो शास्त्रज्ञाचा प्रश्न. मग आम्ही चुंबकाएवढा एक लाकडी ठोकळा घेतला, तोही तशाच पिशवीत गुंडाळला आणि आधी तो दोन्ही मातींतून वीस-वीस वेळा फिरवला. थोडी धूळ लागली, हलकी फुंकर मारताच उडून गेली. आता चुंबक. लाल मातीतून वीस वेळा फिरवलं, फुंकर मारली, पिशवी उलटी करून कण बाटलीच्या झाकणात झाडले. झाकणाचा तळसुद्धा नीट झाकला गेला नाही. मग काळी माती. तिसऱ्या-चौथ्या फेरीलाच चुंबकाच्या कडेला बारीक काळी लव उभी राहिली. वीस फेऱ्या होईपर्यंत तिच्या खरंच मिशा झाल्या!

सगळा वर्ग खिडकीकडच्या बाकाकडे बघायला लागला. ती मात्र चुंबकाकडे बघत होती.

आता 'का'कडे वळू. कारण 'मी बघितलंय' हे पुरावा म्हणून उत्तम आहे, पण तिथं थांबायचं नसतं. लाल मातीत लोह असतं, हे काही खोटं नाही. भरपूर असतं. मग ते चिकटत का नाही?

गोष्ट अशी आहे, की मातीत लोह एकटं, खिळ्यासारखं नसतं. बहुतेक वेळा ते ऑक्सिजनशी जोडी करून राहतं आणि या जोडीची वेगवेगळी घरं असतात. या घरांना आपण खनिजं म्हणतो. त्यांतली चार नावं लक्षात ठेवा. पहिलं मॅग्नेटाइट, रंगानं काळं. दुसरं मॅगेमाइट, तपकिरी. तिसरं हेमॅटाइट, लाल. अंगणात रांगोळीखाली देतात त्या गेरूचा लाल रंग हेमॅटाइटचाच. आणि चौथं गोएथाइट, पिवळसर-तपकिरी. त्यात थोडं पाणीही मिसळलेलं असतं. या शेवटच्या खनिजाला जर्मन कवी गोएथे याच्यावरून नाव मिळालं आहे. एका कवीचं नाव मातीला, आहे की नाही गंमत?

या चारांपैकी मॅग्नेटाइट आणि मॅगेमाइट चुंबकाकडे जोरात ओढली जातात. हेमॅटाइट आणि गोएथाइट अगदी किंचित. किती किंचित? सारख्याच वजनाचं मॅग्नेटाइट आणि हेमॅटाइट घेतलं, तर मॅग्नेटाइटवरचा परिणाम हेमॅटाइटच्या जवळजवळ हजारपट असतो!

दोन्हींत लोहच, मग एवढा फरक कशानं? रस्सीखेच आठवा. लोहाचा प्रत्येक अणू म्हणजे एक इवलंसं चुंबक समजा. हेमॅटाइटमध्ये निम्मे अणू एका बाजूला ओढतात आणि निम्मे बरोबर उलट्या बाजूला. दोन्हीकडे सारखेच गडी असले की रस्सी कुठंच सरकत नाही. सगळे घाम गाळतायत, पण बाहेरून बघणाऱ्याला काहीच हालचाल दिसत नाही. मॅग्नेटाइटमध्येही दोन बाजू असतात, पण एका बाजूला गडी जास्त. म्हणून रस्सी सरकते आणि कण चुंबकाला जाऊन चिकटतो.

म्हणजे प्रश्न 'मातीत लोह किती?' एवढाच नाही. 'ते कोणत्या घरात राहतं?' हाही आहे. रंग बघून हे घर ओळखता येईलच असं नाही. हेमॅटाइट रंगाला इतकं पक्कं असतं की थोडंसं असलं तरी सगळ्या मातीला लाल करून टाकतं आणि आपण फसतो.

आता आपल्या दोन मातींची जन्मकथा ऐका. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर जमिनीतून तप्त लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला, पसरला आणि थंड झाला. त्यापासून बेसॉल्ट नावाचा काळा खडक झाला. सह्याद्री त्याचाच बनलेला आहे. लाव्हा थंड होत असताना त्यात मॅग्नेटाइटच्या जातीचे बारीक काळे स्फटिक तयार झाले. त्यांत लोहाबरोबर टायटॅनियमही असतं. देशावर, जिथं पाऊस कमी, तिथं हा खडक हळूहळू झिजला, त्याची काळी माती झाली. पण ते कडक काळे स्फटिक पुष्कळसे तसेच टिकले. चुंबकाला आलेल्या मिशा म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे कण! तिच्या मामांनी पिशवीतून ज्वालामुखीच आणला होता म्हणा ना.

कोकणात काय झालं? इथलाही मूळ खडक बऱ्याच ठिकाणी बेसॉल्टच. पण इथला धो धो पाऊस आणि उष्णता यांनी तो पार धुऊन काढला. सिलिका, चुना, मॅग्नेशियम वाहून गेलं. मागं राहिली लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं. जुन्या स्फटिकांतलं लोह बाहेर पडलं आणि त्यानं घर बदललं. ते हेमॅटाइट आणि गोएथाइटमध्ये राहायला गेलं. तोच हा लाल-पिवळा जांभा आणि त्याची लाल माती. एकाच आईच्या दोन लेकी, एक देशावर वाढली, एक कोकणात. रंगही बदलला आणि चुंबकाशी असलेलं नातंही.

इथं तुम्ही म्हणाल, "मग सोपं झालं! काळी माती चिकटते, लाल चिकटत नाही." थांबा. मीही तेच फळ्यावर लिहिणार होते. म्हणजे एक चुकीचा नियम पुसून दुसरा लिहिणार होते! पण त्याआधी थोडं वाचलं आणि गाडी थेट ब्राझीलला जाऊन पोचली.

ब्राझीलच्या दक्षिण भागातही आपल्यासारखाच बेसॉल्टचा मोठा प्रदेश आहे, आपल्याहून जुना, सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्यापासून झालेली माती मात्र काळी नाही, गडद लाल आहे. साओ पावलो आणि पाराना या राज्यांतले कॉफीचे नामांकित मळे याच मातीवर फुलले. तिथं तिला 'तेरा रोशा' म्हणतात. शब्दशः अर्थ जांभळी माती. असं सांगतात, की इटलीहून आलेले मजूर तिला आपल्या भाषेत 'रोसा' म्हणजे लाल म्हणायचे आणि तिथल्या लोकांनी ते 'रोशा' म्हणजे जांभळी असं ऐकलं. तर या लाल मातीजवळ चुंबक नेलं, की काय होतं? चांगले भरघोस कण चिकटतात!

आणि तिथंच दुसऱ्या खडकांपासून झालेल्या, दिसायला अशाच गडद लाल मातीही आहेत. त्यांना चुंबक फारसं ओढत नाही. नुसत्या डोळ्यांनी या दोघींत गल्लत होते. म्हणून तिथले माती-सर्वेक्षक शेतात जाताना खिशात लोहचुंबक ठेवू लागले. विसाव्या शतकात ब्राझीलनं केलेल्या मातीच्या वर्गीकरणात 'लातोसोलो रोशो' नावाचा एक प्रकार होता. त्याच्या दोन खुणा होत्या: लोहाचं ऑक्साइड १८ टक्के किंवा त्याहून जास्त आणि चुंबकाकडे जोरदार ओढ. १९९९ साली नवं वर्गीकरण आलं, प्रकाराचं नाव बदललं, पण शेतात चुंबक लावून बघण्याचा उपयोग काही संपला नाही. बेसॉल्टच्या मातीत तांबं, जस्त, मँगनीज अशी पिकांना थोडीथोडी लागणारी द्रव्यं इतर बऱ्याच मातींपेक्षा जास्त असतात. म्हणजे 'ही माती कोणत्या खडकाची लेक?' हे कळलं, की शेतकऱ्याच्या कामाचं पुढचंही थोडंफार कळतं.

तेव्हा पाहा, रंगावरून नियम करायला गेलं की आपण तोंडघशी पडतो. काळी ओढली जाते, लाल नाही, हे आमच्या वर्गातल्या दोन मातींपुरतं खरं. दुसऱ्या मातीला पुन्हा विचारावं लागतं.

प्रयोगशाळेत हे कसं विचारतात, तेही सांगते. १० घनसेंटिमीटरच्या लहानशा डबीत वाळवलेली माती भरतात. ती डबी एका यंत्रात ठेवतात. यंत्र अगदी हलकं चुंबकीय क्षेत्र तयार करतं आणि माती त्याला किती साथ देते, ते आकड्यात मोजतं. या गुणाला चुंबकीय ग्रहणशीलता म्हणतात. मोजायला मिनिटभरही लागत नाही आणि मातीचं काही नुकसान होत नाही. हेच मोजमाप दोन वेगवेगळ्या कंपनांवर केलं, तर अतिशय बारीक कणांचाही पत्ता लागतो. किती बारीक? एका मिलिमीटरचे ५० हजार भाग करा, त्यांतल्या एका भागाएवढे! असे कण बहुधा खडकातून आलेले नसतात, मातीतच घडलेले असतात. चीनमध्ये वाऱ्यानं आणून टाकलेल्या पिवळट मातीचे प्रचंड थर आहेत. त्यांच्या अधूनमधून तांबूस थर दिसतात. हे तांबूस थर पिवळट थरांपेक्षा जास्त चुंबकीय भरतात, कारण त्या काळात हवा उबदार आणि ओलसर होती, जमिनीवर माती नीट 'पिकली' आणि तिच्यात असे बारीक कण तयार झाले. थर मोजत गेलं, की हजारो-लाखो वर्षांपूर्वीचं हवामान वाचता येतं.

मातीचं चुंबकत्व आणखी दोन गोष्टींनी बदलतं. आमच्या मुलांनी त्या दोन्ही करून पाहिल्या, म्हणून सांगते.

पहिली गोष्ट आग. फ्रान्समधल्या ल बोर्न या शास्त्रज्ञांनी १९५५ साली दाखवलं, की बऱ्याच ठिकाणी वरची माती खालच्या मातीपेक्षा जास्त चुंबकीय असते. पुढं त्यांनी आगीचा परिणामही तपासला. माती पालापाचोळ्यासकट तापली, की गोएथाइटसारख्या खनिजातलं लोह घर बदलतं आणि मॅग्नेटाइट-मॅगेमाइटमध्ये जातं. हे वाचल्यावर मी वर्गाला विचारलं, "आपल्या गावात माती कुठं भाजतात?" सगळे एका सुरात ओरडले, "भाजावळ!" कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, भाताची रोपं करायच्या तुकड्यावर उन्हाळ्यात कवळ, पाचोळा, शेण पसरून भाजतात, त्याला राब भाजणं किंवा भाजावळ म्हणतात. भाजून थंड झालेल्या तुकड्यातली माती आणि शेजारच्या न भाजलेल्या तुकड्यातली माती आम्ही आणली. खोटं वाटेल, पण भाजलेल्या लाल मातीतून चुंबकाला कितीतरी जास्त कण आले. माती तीच, शेत तेच, फरक फक्त आगीचा. जमीन न खणता, वरूनच चुंबकत्व मोजून पुरातत्त्वाचे अभ्यासक जमिनीखालच्या जुन्या चुली आणि भट्ट्या हुडकतात, त्यामागं हीच युक्ती आहे.

दुसरी गोष्ट साचलेलं पाणी. माती बराच काळ पाण्याखाली राहिली, की तिच्यात हवा शिरत नाही. मग काही सूक्ष्मजीव लोहाच्या खनिजांमधूनच आपली गरज भागवतात आणि त्यात लोह विरघळून जातं. बारीक चुंबकीय कण आधी संपतात. म्हणून पाणथळ जमिनीचं चुंबकत्व शेजारच्या निचऱ्याच्या जमिनीपेक्षा बऱ्याचदा कमी भरतं. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या अभ्यासकांनी पाणथळ जमिनीची हद्द कुठं संपते, हे ठरवायला याचा उपयोग केला आहे. आम्ही भातखाचराची आणि त्याच्या बांधाची माती तपासली. फरक होता, पण एवढा थोडा की साध्या चुंबकावर खात्रीनं सांगता येईना. आम्ही वहीत तसंच लिहिलं: 'नक्की सांगता येत नाही.' हेही उत्तरच असतं, बरं का!

आणि हो, अलिबाग राहिलंच! पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून ठेवली जात होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा विजेमुळे नोंदी बिघडतील म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला हलवलं. आज ती वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. आता इमारत बांधायची तर दगड कोणता? आपल्याकडचा सगळ्यांत जवळचा दगड म्हणजे बेसॉल्ट. पण तो स्वतःच चुंबकीय! त्याच्या भिंती बांधल्या असत्या, तर उपकरणांनी पृथ्वीऐवजी भिंतींचंच ऐकलं असतं. म्हणून पोरबंदरहून चुंबकीय नसलेला दगड आणला. ज्या कणांनी आमच्या चुंबकाला मिशा आणल्या, त्यांच्याच भावंडांना त्या इमारतीत प्रवेश नव्हता!

आता तुमची पाळी.

करून पाहा

१. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक मिळवा. स्पीकर मोडायचा असेल तर घरातल्या मोठ्यांना बरोबर घ्या. खेळण्यांतली छोटी, फार जोरदार चुंबकं यासाठी वापरू नका. ती पोटात गेली तर फार धोक्याचं असतं. मोबाईल आणि बँकेचं कार्ड चुंबकापासून लांब ठेवा.

२. तीन-चार ठिकाणची माती घ्या: शेताची, ओढ्याकाठची, झाडाखालची, चुलीजवळची. चुलीची घ्यायची तर चूल पूर्ण थंड असू द्या आणि आधी विचारा. या प्रयोगासाठी स्वतः कुठंही जाळ करू नका.

३. रस्त्याकडेची किंवा कारखान्याजवळची माती टाळा. तिथं गाड्यांची झीज, लोखंडाचा कीस, राख मिसळलेली असते. मग तुम्ही माती नाही, गॅरेज मोजाल!

४. माती वाळवा, चाळा, सारखी मोजून घ्या. आधी लाकडी ठोकळा, मग चुंबक. दोन्ही पिशवीत गुंडाळलेले, दोन्हींच्या फेऱ्या सारख्या.

५. निघालेले कण सारख्या आकाराच्या झाकणांत ठेवून तुलना करा. प्रत्येक माती निदान तीन वेळा तपासा. ठिकाण, तारीख, रंग आणि निकाल वहीत लिहा. काम झालं की हात धुवा.

एक लक्षात ठेवा. चुंबकाला जास्त मिशा आल्या म्हणजे माती जास्त सुपीक, असं नव्हे. सुपीकता बघायला माती परीक्षण प्रयोगशाळा आहेत, तिथं नत्र, स्फुरद, पालाश सगळं तपासतात. चुंबक आपल्याला एवढंच सांगतं, की लोह कोणत्या घरात राहतं. पण त्यावरून माती कुठून आली, भाजली का, भिजली का, याचा माग लागतो.

आता त्या मार्काचं सांगते. प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी मी तिचा पेपर मागून घेतला. सगळ्या वर्गासमोर सांगितलं, की बाईंचं उत्तर चुकलं होतं. फुली खोडली, बरोबरची खूण केली. 'हे कारण नव्हे' या शब्दांवर रेघ मारून खाली लिहिलं, 'हे चांगलं कारण आहे.' सतराचे अठरा झाले. तिनं पेपर घेतला, आकडा बघितला आणि विचारलं, "बाई, मग बाकीच्यांचा एक-एक कमी व्हणार का?"

वर्गात एकदम शांतता! मी म्हटलं, "नाही. त्यांनी मी शिकवलं तेच लिहिलं. तो मार्क माझा कापायचा." मग सगळे हसले, तीही हसली. त्या दिवसापासून 'घाटावरची' हा शब्द मी वर्गात ऐकला नाही. पटांगणावर कधी निघाला असेल, तर मला ठाऊक नाही.

मे महिन्यात चिरेखाण बंद झाली आणि ती गावी गेली. जाताना कोकणच्या लाल मातीची एक बाटली घेऊन गेली, तिच्या गावच्या शाळेत दाखवायला. आमच्या कपाटात काळ्या मातीची बाटली आहे. तिच्यावरची चिठ्ठी तिच्याच अक्षरातली आहे: 'काळी माती. आमचं रान. मिशा येत्यात.' शुद्धलेखन मी तपासलेलं नाही.

तर मग कळवा मला, तुमच्या गावच्या मातीला मिशा येतात का? आणि कळवताना 'पुस्तकात आहे' एवढंच लिहू नका. 'मी बघितलंय' असं लिहा.

तुमची,
बाई